फाइल दर रात्री एकाच आकड्यावर का अडकते?

१०७३७४१३१२.

दहा आकडी आहे म्हणून लावून बघू नका, हा कुणाचा मोबाइल नंबर नाही. एकपासून सुरू होतोय, तेवढ्यावरूनच कळलं असेल. आमच्या एका बॅकअप फाइलची साइझ आहे ही, बाइटमध्ये. सलग नऊ रात्री बरोब्बर एवढीच. एक बाइट इकडे नाही, एक बाइट तिकडे नाही.

आता तुम्हीच सांगा, रोज वाढणाऱ्या डेटाचा बॅकअप रोज सारखाच कसा येईल? आणि तोही झिप केलेला?

मी राहते कळव्याला आणि ऑफिस ऐरोलीला. नकाशावर बघाल तर शेजारी-शेजारी. पण ट्रेननं जायचं तर आधी उलटं ठाण्याला या, पूल चढा, नऊ-दहा नंबरवर उतरा आणि मग ट्रान्स-हार्बरची गाडी पकडा. त्या दिवशी मी दहा नंबरवर उभी होते आणि नाइट शिफ्टच्या पोराचा फोन आला.

"ताई, डिस्क भरलीये बहुतेक. रिस्टोअर फेल जातंय, झिप अर्धवट आहे म्हणतोय."

"बहुतेक म्हणजे? डीएफ मारलंस का, डिस्क किती भरलीये ते बघायला?"

"मारलं. बावन्न टक्के."

"मग भरली कुठे?"

"...आयनोड संपले असतील? फाइल्सच्या नोंदींची जागा?"

"बघितलेस?"

"बघतो... नाही, तेही आहेत."

"बरं, एलएस डॅश एल कर. गेल्या आठवड्याच्या सगळ्या फाइल्स. आणि साइझ मला पूर्ण वाचून दाखव, एक जीबी म्हणू नकोस."

त्यानं पहिला आकडा वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला स्वतःच थांबला. "ताई, सगळे सेमच आहेत."

आजच्या व्हिडिओत मला खरं म्हणजे एवढंच सांगायचंय. फाइल कितीवर अडकली तो आकडा वाचा, अख्खा वाचा. एलएसला डॅश एच लावलात तर तो तुम्हाला १.० जी दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, हं, एक जीबी. गेलं सगळं. पुरावा तर त्या शेवटच्या तीन-चार आकड्यांत असतो.

मी प्लॅटफॉर्मवरच फोनचा कॅल्क्युलेटर काढला आणि भागिले ५१२ केलं. उत्तर आलं २०९७१५१. बाकी शून्य, पॉइंटनंतर काही नाही. त्यात एक मिळवा, २०९७१५२, म्हणजे दोनचा एकविसावा घात. असा आकडा योगायोगानं येत नाही. डिस्क भरली असती तर एक दिवस इथे थांबली असती, दुसऱ्या दिवशी तिथे, कारण डिस्कवर दुसरेही लोक लिहीत असतात. रोज एकाच जागी थांबतेय याचा अर्थ कुणीतरी तिथे रेघ मारून ठेवलीये.

आता माझ्या मागे बघा. गॅलरीत निळं पिंप दिसतंय? आज आमच्याकडे पाण्याचं शटडाऊन आहे, म्हणून सकाळीच भरून ठेवलंय. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. हे पिंप आजच्या विषयाला अगदी फिट बसतं.

सोसायटीची गच्चीवरची टाकी म्हणजे तुमची डिस्क. टाकीच रिकामी झाली तर शेल, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम, म्हणतं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. समजा सेक्रेटरीनं ठरवलं की प्रत्येक घराला दिवसाला पाचशे लिटर, वर एक थेंब नाही. तो झाला कोटा. तो संपला की 'डिस्क कोटा एक्सीडेड'. आणि तिसरा नियम जरा विचित्र आहे. पाणी हवं तेवढं घ्या, पण एकही भांडं वीस लिटरपेक्षा मोठं चालणार नाही. हंडे किती भरताय याची कुणाला पर्वा नाही, हंड्याचा आकार तेवढा ठरलेला. हे फाइल साइझ लिमिट. एका फाइलपुरतं. तुम्ही एकूण किती फाइल्स लिहिताय याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

म्हणूनच डीएफ बावन्न टक्के दाखवत होतं. टाकी निम्मी भरलेली आणि हंडा ओसंडतोय.

हा नियम शेलमध्ये दिसतो तो यूलिमिट या कमांडनं. यू, एल, आय, एम, आय, टी. आज ही कमांड वीसेक गोष्टी मोजते: ओपन फाइल्स, प्रोसेसेस, स्टॅक, मेमरी. पण सिस्टिम फाइव्ह या जुन्या युनिक्सच्या शेलमध्ये तिचं एकच काम होतं, फाइल किती मोठी होऊ द्यायची. त्याची खूण अजून उरलीये. यूलिमिटला कुठलंच अक्षर न देता नुसतं एंटर मारा, ती फाइल साइझच सांगते. पुष्कळ लोक नुसतं यूलिमिट मारतात, 'अनलिमिटेड' वाचतात आणि खूश होतात की आपल्याला सगळंच अनलिमिटेड. तसं नाहीये ते.

चला, मोडून बघू. टर्मिनल उघडते. आधी बॅश लिहून एंटर, म्हणजे आत एक नवीन शेल. हे का करायचं ते पुढे सांगते, पण कराच.

पडद्यावर: यूलिमिट -एफ १०२४०

काही बोललं नाही. युनिक्स गप्प बसलं म्हणजे ऐकलं. बॅशमध्ये हा आकडा १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये असतो, म्हणजे आपण दहा एमबीची रेघ मारली. आता डीडीनं वीस एमबीची फाइल करायला घेऊ. फाइलचं नाव ठेवते 'पिंप'. हो, देवनागरीत. लिनक्सला चालतं, आणि आपल्याला का चालू नये?

पडद्यावर: डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=पिंप बीएस=१एम काउंट=२०

आणि हे बघा. 'फाइल साइझ लिमिट एक्सीडेड'. डीडी मेलं. नेहमी शेवटी किती बाइट कॉपी झाले ते सांगून जातं, आज तेवढंही नाही, कारण त्याला बोलायला वेळच मिळाला नाही. कर्नलनं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानं, सिग्नल पाठवला, सिग-एक्सएफएसझेड, इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर त्याचा नंबर २५. लगेच एको डॉलर प्रश्नचिन्ह करा. १५३. सिग्नलनं मेलेल्या प्रोसेसचा एक्झिट कोड म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा नंबर. १२८ आणि २५, १५३. लॉगमध्ये कुठे १५३ दिसला की डिस्ककडे धावू नका, आधी यूलिमिट बघा.

फाइल बघू. एलएस -एल पिंप. १०४८५७६०. दहा एमबी, बाइटला बाइट. म्हणजे रेघेपर्यंतचं सगळं लिहिलं जातं आणि पुढचा बाइट लिहायला गेलं की दणका. म्हणून फाइल 'असते'. दिसायला धडधाकट असते. हाच घोळ आहे. ती नसतीच तर आपल्याला पहिल्याच रात्री कळलं असतं.

सगळेच प्रोग्रॅम असे गपकन मरत नाहीत. पायथन सुरू होतानाच हा सिग्नल कानाआड करतं. मग त्याला सिग्नलऐवजी एरर मिळतो, नंबर २७, 'फाइल टू लार्ज'. म्हणजे एकाच आजाराची दोन लक्षणं. एक गुपचूप मरतो, एक ओरडतो. आयबीएमचं एआयएक्स तर साधारण असं म्हणतं की यूलिमिटनं ठरवलंय त्यापेक्षा फाइल मोठी होऊ शकत नाही. इतका सरळ एरर मी दुसऱ्या कुठल्या युनिक्सवर पाहिलेला नाही.

आमची ती मशीन एआयएक्सच होती. मग एवढं स्पष्ट सांगत असताना आम्हाला नऊ दिवस का कळलं नाही? सांगते, आधी ब्लॉकचं भांडण मिटवू.

मघाशी बॅशमध्ये १०२४० म्हणजे दहा एमबी. आता उबंटूवर बॅशऐवजी एसएच लिहून आत जाते, जुनी फाइल उडवते आणि त्याच दोन कमांड पुन्हा मारते. अक्षरसुद्धा बदललेलं नाही.

पडद्यावर: एलएस -एल पिंप

५२४२८८०. निम्मं! पाच एमबी. का, तर उबंटू-डेबियनवर एसएच म्हणजे बॅश नसतं, डॅश असतं, आणि डॅश ५१२ बाइटचा ब्लॉक धरतं. पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाण नियमावलीनुसार तेच बरोबर आहे. कॉर्नशेलही ५१२, झेडएसएचही ५१२. बॅश १०२४ धरतं, पण त्याच बॅशला पॉझिक्स मोडमध्ये टाकलं की तेही ५१२ वर येतं. आणि यूलिमिट -ए मारलंत तर पडद्यावर नुसतं लिहिलेलं असतं 'ब्लॉक्स'. कुठला ब्लॉक ते तुमच्या नशिबावर.

एवढ्यावर संपत नाही. लिनक्सच्या लिमिट्स डॉट कॉन्फ फाइलमध्ये एफसाइझ लिहिलंत तर ते केबीमध्ये. सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये लिमिट-एफसाइझ लिहिलंत तर ते बाइटमध्ये. सीशेलवाल्यांची कमांडच वेगळी, लिमिट फाइलसाइझ, आणि ते केबी. एका गल्लीत पाच दुकानं आणि प्रत्येकाचा शेर वेगळा. म्हणून मी काय करते, शेलला विचारतच नाही. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरच्या खाली 'लिमिट्स' नावाची फाइल असते. ती कॅट करून वाचा. 'मॅक्स फाइल साइझ' अशी ओळ दिसेल, बाइटमध्ये, आणि एककसुद्धा शेजारी छापलेलं. लिनक्सवर वाद मिटवायचा तर तिथे.

त्या ओळीत दोन आकडे दिसतील, सॉफ्ट आणि हार्ड. आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाटी असते बघा, ८ व्यक्ती, ५४४ किलो. वजन वाढलं की लिफ्ट दार बंद करत नाही आणि किंचाळत राहते, तो सॉफ्ट. तो पाटीच्या खाली कुठेही लावा, परत वर आणा, तुमची मर्जी. पाटी म्हणजे हार्ड. ती खाली आणता येते, पण एकदा आणली की परत वर न्यायला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजरच लागतो. आणि गंमत अशी की नुसतं यूलिमिट -एफ आणि आकडा दिलात की दोन्ही एकदम बदलतात. सॉफ्ट आणि हार्ड, दोन्ही.

म्हणून मी मघाशी आधी आत एक नवीन बॅश उघडलं. आता एसएचमधून बाहेर येऊन त्याच बॅशमध्ये परत अनलिमिटेड करून बघते. 'कॅनॉट मॉडिफाय लिमिट, ऑपरेशन नॉट परमिटेड'. स्वतःच्या हातानं पाटी खाली आणली आणि आता स्वतःलाच चढवता येत नाही. एक्झिट मारा, बाहेरच्या शेलमध्ये या, तिथे सगळं जागच्या जागी आहे. प्रयोग करताना मोठा एस लावून -एसएफ करा, म्हणजे फक्त सॉफ्ट हलेल.

'एक्झिट मारल्यावर सुटले कशी' हे नीट कळलं की अर्धं काम झालं. लिमिट फाइलला नसतं, युजरला नसतं, मशीनलाही नसतं. ते प्रोसेसला असतं. आईकडून मुलाकडे जातं, मुलाकडून आईकडे कधीच नाही. त्यामुळेच यूलिमिट ही शेलच्या आतलीच कमांड असावी लागते, बाहेरचा प्रोग्रॅम स्वतःची मर्यादा बदलून मरून जाईल, तुमच्या शेलला काय त्याचं! सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्कानं, यूलिमिट करून बघणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. काही मशीनवर 'कमांड नॉट फाउंड' येतं, काहींवर काहीच येत नाही आणि बदलतही काही नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट.

आणि याचमुळे हा संवाद होतो: "मॅडम, लिमिट्स डॉट कॉन्फ बदलली, तरी तेच." अरे, लॉगआउट केलंस का? ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम, म्हणजे लॉगिन तपासणारी यंत्रणा, वाचतं. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला तुझा बदल कळणार कुठून? आणि सिस्टिमडीनं सुरू केलेली सर्व्हिस तर लॉगिन करतच नाही, तिला लिमिट्स डॉट कॉन्फ ठाऊकच नाही. तिच्या युनिट फाइलमध्येच लिहावं लागतं, मग डीमन-रीलोड आणि रीस्टार्ट. चालू प्रोसेस मारायचीच नसेल, समजा सहा तासांचा डंप, म्हणजे अख्ख्या डेटाची नक्कल, चालू आहे आणि रेघ जवळ येतेय, तर लिनक्सवर पीआरलिमिट आहे. डॅश डॅश पीआयडी, डॅश डॅश एफसाइझ. जिवंत प्रोसेसची मर्यादा बाहेरून बदलता येते. हार्डच्या वर न्यायचं तर रूट. मी दोनदा वापरलंय, दोन्ही वेळा घाम फुटलेला होता.

लिनक्सवर मुळात हे लिमिट अनलिमिटेडच असतं. तिथे सापडलं तर कुणीतरी हातानं लावलंय. लिमिट्स डॉट कॉन्फ, तिच्या शेजारचं लिमिट्स डॉट डी फोल्डर, ईटीसीतलं प्रोफाइल, त्या युजरचं बॅशआरसी, याच क्रमानं ग्रेप करून शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी लॉग फुगू नये म्हणून लावलेलं असतं आणि लावणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

एआयएक्सचं उलटं. तिथे नव्या युजरला डिफॉल्टनंच २०९७१५१ ब्लॉक मिळतात, ५१२ चे. गुणून बघा. १०७३७४१३१२. आमचा मोबाइल नंबर! त्या क्लायंटकडे बॅकअपसाठी नवीन युजर काढला होता आणि एफसाइझ उणे एक, म्हणजे अनलिमिटेड, करायचं राहून गेलं. चूक मशीनची नाही, आमच्या टीमची. डेटा एक जीबीच्या आत होता तोवर काही बिघडलं नाही, मग एका रात्री रेघ ओलांडली.

उपाय दोन मिनिटांचा. रूटनं सीएचयूजर, एफसाइझ बरोबर उणे एक, त्या युजरचं नवीन लॉगिन. पण रूट होता क्लायंटकडे आणि क्लायंटची चेंज रिक्वेस्ट होती गुरुवारपर्यंत. तोपर्यंत हंडे. डंप झिप केला आणि फाइलमध्ये न टाकता पाइपनं थेट तुकडे करणाऱ्या स्प्लिटला दिला, डॅश बी ५००एम. पाचशे-पाचशे एमबीचे तुकडे. परत जोडायचे तर कॅट करा ओळीनं, गनझिपला द्या. तीन रात्री असंच चाललं आणि कुणाचीही परवानगी लागली नाही.

मधेच एक सांगते, कारण हे घरोघरी होतं. 'फाइल टू लार्ज' आलं म्हणजे यूलिमिटच असं नाही. भावाच्या लग्नाचा व्हिडिओ मी पेन ड्राइव्हवर टाकत होते, टीव्हीला लावायला. बत्तीस जीबीचा ड्राइव्ह, रिकामा, आणि फाइल टू लार्ज. आकडा वाचला: ४२९४९६७२९५. चार जीबीला एक बाइट कमी. तो फॅट-३२. तिथे फाइलची साइझ लिहायला बत्तीसच बिट आहेत, त्यापुढचा आकडा मावतच नाही. रूट असा नाहीतर कुणीही असा. एक्सफॅट करा, टीव्ही घेत असेल तर. आणि २१४७४८३६४७ वर अडकलं, दोन जीबीला एक कमी, तर बहुधा कुठलातरी जुना बत्तीस बिटचा प्रोग्रॅम आहे, ज्याला फाइलमधली जागा मोजताना एक बिट अधिक-उण्यासाठी द्यावा लागतो. तिथे यूलिमिट कितीही अनलिमिटेड करा, प्रोग्रॅमच नवीन लागतो.

आता ते नऊ दिवस.

आमच्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीत डंप, पाइप, झिप, आणि शेवटी २ मोठ्याचं चिन्ह डेव्ह नल. म्हणजे एरर थेट गटारात. एआयएक्स रोज रात्री स्वच्छ शब्दांत सांगत होतं आणि आम्ही रोज रात्री त्याचं तोंड दाबत होतो. ती ओळ कुणी लिहिली होती? मीच. कधीतरी एका निरुपद्रवी वॉर्निंगचा कंटाळा आला होता म्हणून.

पुढची ओळ मेलची. 'बॅकअप पूर्ण'. मधे कुठेही 'झालं का?' असा प्रश्न नाही. झिप पडो, डंप पडो, स्क्रिप्ट खालच्या ओळीवर यायचं आणि मेल टाकायचं. नऊ दिवस सकाळी सात वाजता आम्हाला शुभवार्ता.

बदललं काय? डेव्ह नल काढलं, एरर लॉगमध्ये जातो. स्प्लिट गेलं. पाइपमधलं कुठलंही एक पडलं तरी ओळ पडली असं धरायला सेट -ओ पाइपफेल लावलं. नाहीतर शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, आणि डंप मेला तरी झिप आनंदानं शून्य परत करतं. झिप झाल्यावर गनझिप -टी, म्हणजे फाइल शेवटपर्यंत वाचता येते का ते बघणं. चाळीस सेकंद जास्त लागतात. लागू देत.

सगळीकडे अनलिमिटेड करून मोकळं व्हा असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या टेस्ट स्क्रिप्ट्सना मी आजही पाच जीबीची रेघ मारूनच चालवते, कंसात, सबशेलमध्ये, म्हणजे आतल्या वेगळ्या शेलमध्ये. एकदा एका लूपनं रात्रभर लॉग लिहून अख्खी डिस्क खाल्ली होती, तेव्हापासून. फक्त शेजारी कॉमेंट असते: कुणी लावली, का लावली, आणि ब्लॉक कितीचा धरलाय.

आणि सातच्या मेलमध्ये आता 'बॅकअप पूर्ण' असं काही येत नाही. दोन आकडे येतात, कालच्या फाइलची साइझ आणि आजची, पूर्ण बाइटमध्ये. तो नाइट शिफ्टचा पोरगा मला रोज तेवढंच फॉरवर्ड करतो. आज सकाळी दहा नंबरवर उघडला. दोन्ही वेगळे होते.